पेशंटला बघायला निघण्याआधी : गावोगावच्या ग्रामविकास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
कोकणातील ग्रामविकास मंडळे व त्यांच्या मुंबई शाखा

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका मंडळाला नाही. आपल्याकडे वाडीगणिक मंडळ आहे. देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, मे महिन्यातली क्रिकेट स्पर्धा ही कामं तुम्ही मनापासून करता. चाकरमान्यांनी पगारातून बाजूला काढलेल्या वर्गणीवर कितीतरी साकव आणि सभामंडप उभे राहिले. गावाने एखादी गोष्ट करायची म्हणजे ती मंडळाने हातात घ्यायची, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. म्हणून सरकारदरबारी जाण्याआधी तुमच्याकडे मागणं मांडतो. गावातलं माणूस घाटापलीकडच्या रुग्णालयात पडलेलं असताना गावाने कसं वागायचं, कोणी काय करायचं, हे मंडळांनी आधीच ठरवून ठेवावं. आज ज्याला जसं सुचतं तसं तो करतो. त्यात माया भरपूर असते, तरीही आईबापांचे हाल वाढतात.

मी भजनी बुवा आहे. आमचा पखवाजी बावीस वर्षांचा. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या आईची तशी इच्छा आहे. एक डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, आटोपून पहाटेच्या सुमारास तो मित्रांबरोबर गाडीने घरी येत होता. सिंधुदुर्गात महामार्ग चौपदरी झाल्यापासून रात्रीचा रस्ता मोकळा असतो आणि गाड्या सुसाट असतात. डाव्या बाजूला चिऱ्यांचा डंपर बंद पडून उभा होता. मागे ना लाल त्रिकोण, ना लुकलुकणारा दिवा. रस्त्यावर झाडाची एक फांदी तेवढी टाकून ठेवलेली. ती दिसली तेव्हा अंतर उरलं नव्हतं. पुढे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले होते, त्यांची हाडं मोडली. मागे बसलेल्या आमच्या पोराने पट्टा लावला नव्हता. त्याच्या डोक्याला मार बसला.

मागच्या सीटवर कशाला पट्टा, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यालाही पट्ट्याची सक्ती आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच कोकणपट्टीत, पालघर जिल्ह्यात, सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. एवढी मोठी बातमी होऊन गेली तरी आपल्या गाड्यांमध्ये मागचे पट्टे सीटखाली दाबलेलेच असतात. तुमच्या मंडळाची गाडी स्पर्धेला किंवा देवदर्शनाला निघताना एकाने खाली वाकून ते पट्टे बाहेर काढावेत. याला खर्च काहीच नाही.

त्या पहाटे दोन गाड्या थांबून पुढे निघून गेल्या. थांबला तो एक मासळीचा टेम्पोवाला. त्याने १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत पोराचं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरून बसला. कोणी पाणी पाजायला पुढे आलं तर त्याने पाजू दिलं नाही. कोणी ओढून बाहेर काढूया म्हणालं तर त्याने हात लावू दिला नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, आणि मानेला मार असेल तर ओढाताणीत मज्जारज्जू दुखावून माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. गाडीला आग लागली असेल किंवा समोरून दुसरं वाहन येत असेल तर गोष्ट वेगळी. या माणसाला एवढं कुठून माहीत होतं, ते विचारायचं राहून गेलं, कारण अॅम्ब्युलन्स आली तसा तो निघून गेला. पोलिसांत नाव नको, एवढंच म्हणाला.

त्याला ती भीती वाटायला नको होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ ने हे स्पष्ट केलं आहे. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला होत नाही, आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. महामार्गाकडेला ज्यांची गावं आहेत त्यांनी तरी ही ओळ मोठ्या अक्षरांत फलकावर लिहून लावावी. वाढदिवसाचे बॅनर आपण लावतोच, त्या शेजारी हाही लागू दे.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिल्या रुग्णालयात टाके, दुसऱ्यात सीटी स्कॅन, मेंदूचा सर्जन दोन्हीकडे नाही. मग फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर, पोराच्या छातीवर ऑक्सिजनची नळी आणि पायाशी आई. दोडामार्ग-सावंतवाडीची माणसं गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात, रत्नागिरीची आंबा घाट चढतात. राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी, आणि त्यातल्या व्हेंटिलेटरसकट सगळी साधनं असलेल्या २३३. त्यामुळे घाट चढायची वेळ येते तेव्हा कोणती गाडी मिळते यावर बरंच अवलंबून राहतं. आता रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. तिथे मेंदूचे सर्जन कायमचे नेमावेत ही मागणी आपण सर्वांनी लावून धरायला हवी. ते पत्र संबंधित मंत्र्यांना वेगळं लिहितो आहे. तोवर आपली माणसं घाट चढणारच आहेत, आणि त्यांना बघायला आपणही चढणार आहोत.

आता मुद्द्याचं.

शस्त्रक्रियेनंतर त्याच आठवड्यात गावातून टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं आली. पहाटे उठून, कामधंदा बुडवून, पदरच्या पैशाने आली. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण अतिदक्षता विभागाचा पास एकच होता, आणि संध्याकाळची भेटीची वेळ जेमतेम तासाभराची. एवढ्या लांबून आलेल्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून पास हातोहात फिरत राहिला. प्रत्येकाने काचेतून किंवा खाटेजवळून पोराला पाहिलं, डोळे पुसले, बाहेर आला. वेळ संपली आणि सिक्युरिटीवाल्याने दार ओढलं तेव्हा आई बाहेर बाकड्यावरच होती. दिवसभर तिने फक्त त्या तासाची वाट पाहिली होती. रात्री ती मला म्हणाली, “बुवा, माका फकत तेच्या पायांक हात लावूचो होतो.”

आत गेलेल्यांपैकी कोणालाही हे जाणवलं नसेल, कारण सांगणारं कोणी नव्हतं. मंडळाचा एक जबाबदार माणूस तिथे उभा असता, तर पास आधी आईच्या हातात गेला असता आणि बाकीच्यांना त्याने खालीच थांबवलं असतं. ट्रॅव्हलरमधून आलेल्या मंडळींनीही ते आनंदाने मानलं असतं.

बाहेर बसलेल्या आईला दुसरं काम होतं, ते म्हणजे सांगणं. आलेल्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. गाडी कोण चालवत होता? किती वाजता? पोरांनी घेतली होती काय? डंपरवाला सापडला काय? डॉक्टर काय म्हणतात? डॉक्टर रोज एक आकडा सांगत. ग्लासगो कोमा स्केल म्हणतात त्याला. १९७४ मध्ये ग्लासगोतल्या डॉक्टरांनी तयार केलेलं माप. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, याचे गुण देतात. सगळ्यात कमी ३, सगळ्यात जास्त १५, आणि ८ किंवा त्याखाली म्हणजे डोक्याची इजा गंभीर. आमचं पोर बरेच दिवस त्या आठच्या खालीच होतं. ते प्रत्येकाला सांगताना त्या माउलीच्या तोंडून शब्द फुटत नसे. कोणीतरी लगेच आपल्या मेव्हण्याची, शेजाऱ्याची, अशाच मारात गेलेल्या कोणाची तरी हकिकत काढी. हे सांगणं एका माणसाने रोज एकदा, संध्याकाळी, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर करावं आणि बाकीच्यांनी घरच्यांना फोन करू नयेत. एवढा एक नियम केला तरी घरच्यांना झोप मिळेल.

ग्रुपचा विषय निघाला आहे तर तेही लिहितो. पोराच्या मुंबईतल्या मावशीला अपघाताचा फोन यायच्या आधी गाडीचा फोटो पोचला होता. मागच्या सीटवरचं रक्त त्यात स्पष्ट दिसत होतं. खाली कोणीतरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून टाकलं, आणि ते विरारपासून लालबागपर्यंत फिरलं. पोर जिवंत होतं. ज्या मंडळांचे ग्रुप आहेत त्यांच्या अॅडमिनने असा फोटो क्षणभरही ठेवू नये, आणि टाकणाऱ्याला तिथल्या तिथे बजावावं. मी हे रागाने लिहितो आहे. तो राग मला लपवायचा नाही.

मला आत जायला मिळालं ते पुष्कळ दिवसांनी, आईनेच पाठवलं म्हणून. सिस्टरने हात कोपरापर्यंत धुवायला लावले. खाटेची डोक्याकडची बाजू उचललेली होती. मान वाकडी होऊ द्यायची नाही, हलवायचं नाही, मोठ्याने रडायचं नाही, म्हणाली. मेंदूला सूज असताना जास्त गडबड सोसत नाही. पण हळू आवाजात बोला, ओळखीचं बोला. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, डोकं अर्धं भादरलेलं, डोळ्याभोवती काळंनिळं. ओळख पटली ती हातांवरून. उजव्या हाताच्या बोटांना पखवाज वाजवून पडलेले घट्टे तसेच होते. अपघातग्रस्त गाडीच्या डिकीतून पखवाज निघाला तेव्हा त्याच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या बाजूच्या चामड्यावर, वाजवताना लावलेली कणीक वाळून तडकलेली होती. एरवी तो वाजवून झालं की ती तिथल्या तिथे खरवडून काढतो, त्या रात्री निघायच्या घाईत राहिली होती. ते मी त्याला सांगितलं. पुडी साफ करून ठेवली आहे, म्हटलं. मग त्याच्या तळव्यावर दोन बोटांनी भजनी ठेका धरला, अगदी हलका. बोट हललं नाही. सिस्टर बघत होती, तिने थांबवलं नाही. पाच-सात मिनिटांत मी बाहेर आलो आणि पास आईकडे दिला.

अशी भेट एकाची, शांतपणे, धुतलेल्या हातांनी असली तरच पेशंटला तिचा काही उपयोग. सर्दी-खोकला असलेल्याने तर पायरीही चढू नये. उरलेल्या गावाने काय करायचं? करण्यासारखं एवढं आहे की माणसं कमी पडतील.

पहिलं रक्त. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तपेढी बदली रक्तदाते मागते, आणि परक्या शहरात आईबापांनी ते कुठून आणायचे? फळं घेऊन येणाऱ्या त्या ट्रॅव्हलरमध्ये अठरा ते पासष्ट वयातली, धडधाकट, पंचेचाळीस किलोंवरची माणसं बसलेली होती. रक्तदान करून आली असती तर तो प्रवास सार्थकी लागला असता. मात्र सगळ्यांनी एकाच दिवशी देऊन उपयोग नाही. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात. म्हणून मंडळाकडे रक्तगटासकट यादी हवी आणि पाळीपाळीने माणसं निघायला हवीत. कोल्हापुरात, गोव्यात, मुंबईत नोकरीला असलेले गावकरी त्या यादीत सगळ्यात वर.

दुसरी गोष्ट कागदांची. इथे जाणता माणूस फळांच्या दहा करंड्यांपेक्षा मोलाचा. केंद्राच्या मे २०२५ मध्ये लागू झालेल्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस. त्याला पोलिसांकडची नोंद लागते. त्यापुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पंचनाम्याची प्रत हे सगळं पहिल्या दिवसांतच लागतं, आणि तेव्हा घरचं माणूस आयसीयूच्या दारातून हलायला तयार नसतं. आमच्या पोराच्या बापाला दाखल्यासाठी घाट उतरून तालुक्याला यावं लागलं, पुन्हा चढून जावं लागलं. गावात निवृत्त तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी एकाने दाखला काढून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला असता तरी काम झालं असतं.

रात्रीचा प्रश्न आहे. नातेवाईक व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून झोपतात. रुग्णालयाजवळ महिनाभर एक खोली भाड्याने घेणं एका मंडळाला जड जाईल, पण तालुक्यातल्या दहा मंडळांनी मिळून कोल्हापुरात आणि बांबोळीजवळ एकेक खोली कायमची ठेवली तर वर्षभर कोणी ना कोणी तिथे असणारच आहे. क्रिकेटच्या एका स्पर्धेच्या बक्षिसांचा आकडा मला ठाऊक आहे, म्हणून हे जमण्यासारखं आहे असं म्हणतो. स्पर्धा बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ते घरी आणल्यानंतरचं. पहिल्या आठवड्यात गर्दी आवरत नाही, दुसऱ्या महिन्यात दारात कोणी नसतं. डोक्याच्या मारातून उठायला महिने लागतात, कधी वर्षं. पोर घरी आलं ते नाकात नळी घेऊन. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीतून पातळ अन्न भरायचं. गळ्यातला कफ मशीनने ओढायचा. हे रात्रंदिवस. दोन माणसांचं घर यात पार मोडून जातं. गावातल्या चार बाप्यांनी आणि चार बायकांनी आठवड्यातली एकेक रात्र वाटून घेतली, तर आई सलग सहा तास झोपेल. फाउलर बेड म्हणजे डोक्याकडून उचलता येणारी खाट, हवेची गादी, कफ ओढायचं मशीन, व्हीलचेअर या वस्तू प्रत्येक घराने विकत घेण्याची गरज नसते. शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात, अनामत ठेवून वस्तू वापरायला नेता येतात. तसं एक कपाट मंडळाच्या सभागृहात का असू नये? आमच्या पोरासाठी घेतलेली गादी उद्या दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आजीला लागेल.

आणखी एक सांगायलाच हवं. गाडी चालवणारा मुलगाही आमच्याच वाडीतला. त्याची मांडी मोडली, सळी घातली. तो दुसऱ्या रुग्णालयात होता आणि त्याच्याकडे जवळजवळ कोणी फिरकलं नाही. जे गेले ते जाब विचारायला. दोष किती, कोणाचा, हे पोलीस आणि न्यायालय बघतील, आणि बंद डंपर तसाच सोडून जाणाऱ्यालाही त्यात उत्तर द्यावं लागेल. पण एकवीस वर्षांचा मुलगा मित्राला या अवस्थेत बघून भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, तेव्हा त्याच्याजवळ एखाद्या वडीलधाऱ्याने बसायला हवं. पखवाजीच्या आईने स्वतः त्याला फोन केला. “जेवलंस काय रे?” एवढंच विचारलं. मंडळाने भेटीची पाळी लावताना अशा मुलाचं नावही त्याच वहीत लिहावं.

या सगळ्यासाठी ठराव, समिती, लेटरहेड काही लागत नाही. दोनशे पानी वही पुरते. आमच्या वाडीने सुरू केली आहे. एका पानावर रक्तगट, एकावर गाडी असलेल्यांचे नंबर आणि कोणाला कोणत्या वारी सवड आहे ते, एकावर कागदपत्रांची कामं आणि ती करणारी माणसं, पुढे रात्रीच्या पाळ्या. आमचा पखवाजी सध्या घरी आहे. नाकातली नळी निघाली, पेज गिळतो, माणसं ओळखतो, उजवा हात अजून उचलत नाही. सोमवारी आणि गुरुवारी त्याला कणकवलीला फिजिओथेरपीला न्यायचं असतं. त्या पाळ्या पावसाळा संपेपर्यंत भरल्या आहेत, गणपतीच्या दिवसांतल्या दोन रिकाम्या आहेत. मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्या कोणाला जमत असेल तर कळवा.

आपल्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती. ज्या मंडळाला वहीचा नमुना हवा असेल त्याला पानांचे फोटो काढून पाठवतो.

आपला,
कणकवली तालुक्यातील एक भजनी बुवा